बदललेला टर्बो पुन्हा पुन्हा का निकामी होतो: घरी टर्बो बसवताना तेलाच्या वाटेची तपासणी

बदललेला टर्बोचार्जर, म्हणजे एक्झॉस्ट वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा भाग, हजार-दोन हजार किलोमीटरच्या आत पुन्हा शिट्टी मारू लागतो, गाडीचा पिकअप जातो, मागून निळसर धूर निघतो आणि मिस्त्री सांगतो की पीसच खराब निघाला. जुन्या डिझेल गाड्या बाळगणाऱ्यांपैकी अनेकांना हा अनुभव येतो आणि दुसऱ्यांदा पैसे मोजूनही तो टळत नाही. माझ्या २०१३ सालच्या, सुमारे दीड लिटर डिझेल इंजिनाच्या सेडानमध्ये मूळ टर्बो १,२८,००० किलोमीटरला गेला. एका गॅरेजने बसवलेला दुसरा टर्बो १,९०० किलोमीटर चालला. वॉरंटीत बदलून मिळालेला तिसरा मी नागपुरात, त्रिमूर्तीनगरातल्या घराच्या अंगणात टिनाच्या शेडखाली स्वतः बसवला आणि तो अवघ्या ६०० किलोमीटरमध्ये कुरकुरू लागला. चौथा मात्र आज १४,००० किलोमीटरनंतरही शांतपणे चालतो आहे. हा चौथा पीस तिसऱ्यापेक्षा भारी नव्हता. तो त्याच दुकानातून, त्याच प्रकारचा, पुनर्निर्मित असा आणला होता. तो बसवण्यापूर्वी मी टर्बोला तेल पोचवणारी आणि त्याच्याकडून तेल परत नेणारी वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडून पाहिली, एवढेच या वेळी वेगळे केले होते.

त्या वाटेकडे माझे लक्ष वळवले ते कामठी रोडवरच्या एका वयस्कर डिझेल मिस्त्रींनी. तिसरा टर्बो पिशवीत घालून मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी शाफ्ट, म्हणजे टर्बोच्या दोन चाकांना जोडणारा दांडा, दोन बोटांत धरून हलवला, उजेडाकडे तिरका करून पाहिला आणि म्हणाले, “भाऊ, टर्बो काय करन बिचारा, त्याले तेलच भेटत नाही न.” हे वाक्य ऐकून मी थोडा ओशाळलो, कारण तेलाचा पाइप मी टायरमध्ये हवा भरतात तसल्या कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून “साफ” केला होता आणि हवा आरपार जाते याची खात्रीही करून घेतली होती. ती खात्री किती फसवी होती, ते पुढे सांगतो.

आधी दोष खरोखर टर्बोचाच आहे का, हे ठरवून घ्यावे. पिकअप गेला आणि स्कॅनरवर पी-०२९९ हा कोड आला की पुष्कळ ठिकाणी थेट टर्बो उतरवला जातो. पण तो कोड फक्त इतकेच सांगतो की इंजिनाला अपेक्षित दाबाची हवा मिळत नाही. इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीदार भागाचा) रबरी होज फाटला असेल, त्याची क्लिप ढिली झाली असेल, ॲक्च्युएटरची (टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी तडकली असेल, ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारी झडप) उघडाच अडकला असेल किंवा दाब मोजणारा सेन्सर काजळीने माखला असेल, तरीही तोच कोड येतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बॉनेटखाली रबर त्याहून कितीतरी जास्त तापते, त्यामुळे दहा वर्षांच्या गाडीतल्या बारीक व्हॅक्यूम नळ्या हाताने वाकवताच तुटणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. धुराचा रंगही उपयोगी पडतो. पिकअप नाही आणि धूर काळा असेल, तर बहुधा हवा कुठेतरी गळते आहे. धूर निळा असेल आणि तेलाची पातळी उतरत असेल, तर इंजिन ऑइल जळते आहे आणि टर्बोचा संशय घ्यायला जागा आहे. तरीही टर्बो उतरवण्यापूर्वी हवेच्या बाजूचा पाइप काढून कॉम्प्रेसरचे चाक (टर्बोतले हवा दाबणारे चाक) बोटाने फिरवून पाहावे. चाक बाजूच्या दिशेने थोडे डुलते, म्हणून घाबरून जाऊ नये. यातली बेअरिंगे तेलाच्या पातळ थरावर तरंगणारी असतात आणि तेल नसताना कोरड्या, अगदी नव्या टर्बोतही बाजूची ढिलाई हाताला जाणवते. पण चाक पुढे-मागे, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, बोटांना जाणवण्याइतके हलत असेल किंवा त्याची पाती घराच्या भिंतीला घासल्याच्या खुणा असतील, तर तो टर्बो गेलाच, असे समजावे. लांबीच्या दिशेची ढिलाई साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच असायला हवी आणि ती डायल गेजनेच नीट मोजता येते.

मेलेला टर्बो भंगारात टाकू नये किंवा बदल्यात लगेच दुकानदाराला देऊ नये. तो काय सांगतो ते आधी वाचून घ्यावे, आणि माझ्या मते याच पायरीवर सर्वांत जास्त कंटाळा केला जातो. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या, तर फिल्टरच्या बाजूने काहीतरी आत गेले आहे, मग ते निसटलेले नट असो, फिल्टरचा तुकडा असो किंवा आधीच्या टर्बोच्या मोडतोडीतून पाइपात राहिलेली कपची असो. टर्बाइनची, म्हणजे एक्झॉस्ट वायूने फिरणाऱ्या चाकाची, पाती मोडली असतील, तर वस्तू इंजिनाच्या बाजूने आली आहे, उदाहरणार्थ ग्लो प्लगचे (थंड सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचे) टोक किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा सुटलेला पापुद्रा. बेअरिंगवर आणि शाफ्टवर बारीक समांतर चरे असतील, तर तेल घाण होते. शाफ्टचा बेअरिंगखालचा भाग निळा-जांभळा पडला असेल, तर तेल अपुरे पडले आणि धातू धातूवर घासून तापला. दोन्ही चाके शाबूत, शाफ्टची ढिलाई मर्यादेत, आणि तरीही दोन्हीकडून तेल येत असेल, तर टर्बो बहुधा ठीक असतो आणि परतीचा पाइप किंवा इंजिनाचा ब्रीदर (इंजिनातली तेलकट वाफ बाहेर काढणारी नळी) तुंबलेला असतो. टर्बोच्या शाफ्टवर असलेले सील हे पिस्टनच्या रिंगसारखे असतात, रबराच्या ओठाचे नसतात. बाहेरचा हवेचा आणि वायूचा दाब व तेलाचा मोकळा निचरा यांच्या तोलावरच ते तेल अडवून धरतात. निचरा अडला की अगदी नवे सीलसुद्धा गळते, आणि “नवीन टर्बोचे सील फाटले” या नावाखाली पुष्कळ चांगले टर्बो परत जातात ते यामुळेच.

माझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्बोच्या शाफ्टवर जांभळा रंग आणि चरे, दोन्ही होते. म्हणजे तेल कमी पोचत होते आणि जे पोचत होते तेही स्वच्छ नव्हते.

तेल नेमके कुठे अडते

लहान गाडीचा टर्बो पूर्ण भारावर मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्या वेगात शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका जाड तेलाचा थर असतो आणि तेच तेल शेजारच्या तापलेल्या टर्बाइनकडून येणारी उष्णताही वाहून नेते. डिझेल गाडीचा एक्झॉस्ट वायू जोरात चालवताना ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो. अशा ठिकाणी तेल काही सेकंद जरी आले नाही, तरी जे व्हायचे ते होऊन जाते. उरलेले एक-दीड हजार किलोमीटर म्हणजे फक्त जखमी बेअरिंगवर ओढलेले दिवस.

तेल आणणारा फीड पाइप बहुतेक गाड्यांत टर्बाइनच्या अगदी जवळून जातो. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढून ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेला तासभर गाडी पळवली आणि पंपावर शिरताच किल्ली फिरवून इंजिन बंद केले, की तेलाचा प्रवाह तत्क्षणी थांबतो, पण टर्बाइनच्या बिडाची धग तशीच राहते. पाइपात आणि बेअरिंगच्या घरात उभे असलेले तेल त्या धगीने करपते आणि त्याचा कठीण कोळसा आतल्या भिंतीला चिकटतो. हे एकदा केल्याने काही होत नाही. वर्षानुवर्षे केल्यावर पाच-सहा मिलिमीटरच्या पाइपात पेन्सिलीच्या शिशाएवढी वाट उरते. त्या वाटेतून कॉम्प्रेसरची हवा सुखाने जाते, कारण हवा तेलापेक्षा कितीतरी पातळ असते. म्हणून फुंकून पाइप तपासण्याला काहीच अर्थ नाही. मी फुंकलेला पाइप नंतर करवतीने आडवा कापून पाहिला, तेव्हा आत काळ्या दगडी पोताचा जाड थर होता आणि पाइप जरासा वाकवताच त्याच्या खपल्या निघत होत्या. तिसऱ्या टर्बोच्या बेअरिंगवर चरे पाडणाऱ्या खपल्या त्याच असाव्यात, आणि त्या मीच हवा मारून व पाइप वाकवून मोकळ्या केल्या होत्या. फीड पाइप साफ करू नये, नवा घ्यावा. त्याची किंमत टर्बोच्या तुलनेत किरकोळ असते आणि मी वाचवलेल्या त्या किरकोळ रकमेने मला एक पूर्ण टर्बो महाग पडला.

पाइप टर्बोला ज्या पोकळ बॅंजो बोल्टने जोडलेला असतो, त्याची भोके बारीक असतात आणि काही इंजिनांत त्याच्या आत एक छोटी जाळीही असते. बोल्ट आणि जाळी नवी घ्यावी, दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवे घ्यावेत. जाळी काढून टाकावी की ठेवावी, याबाबत प्रत्येक इंजिनाच्या कंपनीची सूचना वेगळी असू शकते, म्हणून वर्कशॉप मॅन्युअल पाहावे. मात्र जाळीत सुईने भोक पाडणे हा कोणाच्याही सूचनेतला उपाय नाही. हा बोल्ट पोकळ असल्यामुळे पान्याला जोर लावून आवळल्यास तुटतो, त्याला टॉर्क रेंचच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) लावावा.

मला वाटत होते की पाइप बदलला की काम झाले. मिस्त्रींनी मात्र पुढचा प्रश्न विचारला: पाइपाच्या मागे तेल पुरेसे येते का? त्याची एक सोपी चाचणी आहे. टर्बोचा परतीचा पाइप इंजिन ब्लॉककडच्या टोकाला सोडवून एका बाटलीत सोडायचा, ब्लॉकचे तोंड बंद करायचे, तेलाची पातळी पूर्ण ठेवायची आणि इंजिन ६० सेकंद निव्वळ आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालवून किती तेल जमा होते ते मोजायचे. फ्रान्सची वाहन कंपनी पीएसए आणि फोर्ड यांनी मिळून बनवलेल्या १५६० सीसीच्या डिझेल इंजिनात तेलाच्या वाटा तुंबून टर्बो वारंवार जाण्याची तक्रार युरोपात प्रसिद्ध आहे आणि त्या इंजिनासाठी एका मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर हे किमान प्रमाण मानले जाते. आपल्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळाला तर तोच प्रमाण धरावा, पण त्याच आकाराच्या कोणत्याही डिझेलसाठी हा आकडा अंदाज घ्यायला पुरेसा आहे. माझ्या गाडीत तोच तिसरा टर्बो परत चढवून नवा पाइप लावूनही मिनिटाला चहाच्या एका छोट्या कपाएवढेही तेल आले नाही. ही चाचणी टर्बो न घासता फिरत असतानाच करावी. चाक भिंतीला घासत असेल, तर इंजिन एक सेकंदही चालू करू नये.

ऑइल चेंबर उघडल्यावर

तेलच कमी येते म्हटल्यावर खाली जाण्याशिवाय गत्यंतर नव्हते. गाडी पक्क्या जमिनीवर उभी करून, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून आणि चेसिसखाली दोन घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) देऊन मी ऑइल चेंबर उतरवला. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये. चेंबरच्या तळाशी काळा, दाणेदार गाळ होता, आणि तेलपंपाच्या शोषण नळीच्या टोकावरची जाळी जवळजवळ दोन तृतीयांश भागावर काजळीच्या कणांनी लिंपली गेली होती. ऑइल प्रेशरचा दिवा कधी लागला नव्हता, कारण तो दिवा फारच कमी दाबाला लागतो. दिवा लागत नाही म्हणजे टर्बोपर्यंत पुरेसे तेल जाते, असे मानणे ही माझी दुसरी चूक होती.

गाळ कुठून आला, हे शोधल्याशिवाय जाळी धुऊन काही उपयोग नव्हता. इंजिनाचे वरचे आवरण काढल्यावर तिसऱ्या इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) बुंध्याशी डांबरासारखी काळी, चकाकणारी पपडी दिसली. इंजेक्टरच्या तळाशी असलेले तांब्याचे वायसर सैल पडले, की सिलिंडरमधला जळता वायू तेथून वर येतो. सोबत आणलेली काजळी वर साचते आणि वरचे सील कठीण झाले असेल तर तोच वायू व्हॉल्व्ह कव्हरच्या आत शिरून तेलात मिसळतो. गाडी सुरू असताना बॉनेट उघडून ऐकले तर आयडलवर बारीक “फच-फच” ऐकू येते आणि कधी केबिनमध्ये जळक्या डिझेलचा वास येतो. मला दोन्ही लक्षणे अनेक महिने जाणवत होती आणि मी ती “जुन्या गाडीचे असेच असते” म्हणून सोडून दिली होती. इंजेक्टर काढून त्यांच्या बसण्याच्या जागा सीट कटरने सपाट करून घेणे आणि वायसर व बोल्ट नवे टाकणे, हे काम मी घरी केले नाही. त्यासाठी लागणारे हत्यार माझ्याकडे नव्हते आणि अडकलेला इंजेक्टर ओढताना तुटला, तर हेड उतरवावे लागते. घरी काय करायचे आणि काय करायचे नाही, ही रेषा प्रत्येकाने आपल्या हत्यारांवरून आखावी, हौसेवरून आखू नये.

चेंबर परत बसवताना एक गोष्ट जपावी लागते. चेंबरला कारखान्यातूनच सिलिकॉन लावलेला असतो आणि तो पुन्हा लावावा लागतो, पण दोन-तीन मिलिमीटरची बारीक, सलग रेघ पुरते. केकवर क्रीम काढल्यासारखा सिलिकॉन लावला, तर आवळल्यावर जादा भाग आत वळतो, तेलात सुटतो आणि नुकत्याच धुतलेल्या त्याच जाळीवर जाऊन बसतो. टर्बोच्या तेलाच्या जोडांना तर सिलिकॉन अजिबात लावू नये, तेथे फक्त गॅस्केट आणि वायसर वापरावेत. माझा दुसरा टर्बो उतरवताना परतीच्या फ्लॅंजमध्ये लाल सिलिकॉनची एक जीभ लोंबत असलेली मी पाहिली होती; ती बसवणाऱ्याने नक्कीच चांगल्या हेतूने, गळती होऊ नये म्हणूनच लावली असणार.

बाजारात मिळणारी इंजिन फ्लशची बाटली वापरावी का, असे विचारले जाते. चेंबर न उतरवता ती वापरू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण सुटलेला गाळ जाण्याची एकमेव जागा ती जाळी आहे. मी जाळी धुतली, चेंबर पुसला, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचे नवे तेल आणि नवा फिल्टर घालून इंजिन १५ मिनिटे आयडलवर चालवले, ते तेल गरम असतानाच काढून टाकले आणि पुन्हा नवे तेल-फिल्टर घातला. त्यानंतर केलेल्या चाचणीत मिनिटाला ३५० मिलिलिटरच्या आसपास तेल जमले. ही चाचणी आणि हा पंधरा मिनिटांचा आयडल जुन्या, जखमी तिसऱ्या टर्बोवरच केला, म्हणजे उरलासुरला गाळ नव्या बेअरिंगमधून जाणार नाही.

प्रत्यक्ष बदल

खरे बसवण्याचे काम इतक्या तपासणीनंतर अर्ध्या दिवसाचे उरते. उन्हाळ्यात ते पहाटे साडेपाचला सुरू करून नऊच्या आत थांबवावे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, दुपारी टिनाखाली उभे राहून घामेजल्या हातांनी बारीक वायसर पाडण्यात शहाणपण नाही. इंजिन पूर्ण थंड असावे आणि बॅटरीची ऋण केबल काढलेली असावी. मॅनिफोल्डचे स्टड गंजून फुगलेले असतात, म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, आणि नट अडला तर सोडवण्याच्या दिशेने एकदम जोर न देता थोडा आवळून, थोडा सोडवून काढावा. स्टड तुटलाच तर तो काढण्याचा खर्च टर्बो बसवण्याच्या मजुरीपेक्षा जास्त होऊ शकतो.

आधीचा टर्बो मोडून गेला असेल, तर इंटरकूलर उतरवणे टाळता येत नाही. त्यात साचलेले तेल आणि ॲल्युमिनियमचे कण तेथेच राहिले, तर पहिल्या जोरदार पिकअपला ते थेट सिलिंडरमध्ये जातात. माझ्या इंटरकूलरमधून जवळपास अर्धा लिटर तेल निघाले. तो डिग्रीझरने धुऊन, उलटा टांगून, रात्रभर पूर्ण वाळू द्यावा. आत डिझेल किंवा पेट्रोलचा ओलावा ठेवून तो बसवणे धोक्याचे आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो अंगणात दोरीवर टांगलेला पाहून शेजारचे काका म्हणाले होते की, परवा पाडव्याला मारबतीसंगं हाही धाडून द्या, “घेऊन जा गे मारबत” म्हणत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आमच्याकडच्या पाडव्याला, नागपुरात इडापीडा घेऊन जाणाऱ्या मारबत नावाच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. तिसरा टर्बो त्या आठवड्यात मी खरोखरच कोणाच्याही हवाली केला असता.

नवा टर्बो ॲक्च्युएटरच्या दांडीला धरून उचलू नये आणि दांडीवरचा नट फिरवू नये, तो कारखान्यात मोजून बसवलेला असतो. सगळ्या तोंडांवरची प्लॅस्टिकची बुचे शेवटच्या क्षणी काढावीत आणि काढल्यावर मोजावीत. परतीचा पाइप रुंद असतो, कारण बाहेर पडणारे तेल फेसाळलेले असते आणि केवळ उतारावर वाहते. त्यामुळे तो वाकडा, चेपलेला किंवा मध्ये खोलगट झालेला असू नये आणि त्याच्या गॅस्केटचे भोक फ्लॅंजच्या भोकाशी नेमके जुळलेले असावे. ब्रीदरची नळीही याच वेळी काढून धुवावी. एअर फिल्टर नवा घालावा, आणि नागपुरात तो मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यावरच बदलावा, असे मी सुचवेन. रस्त्यांची सततची खोदकामे, सिमेंटची धूळ आणि कोराडी-खापरखेड्याच्या बाजूने राहणाऱ्यांसाठी औष्णिक केंद्रांची राख, या सगळ्यांमुळे फिल्टर येथे लवकर भरतो, आणि भरलेला फिल्टर कॉम्प्रेसरच्या बाजूला निर्वात निर्माण करून सीलमधून तेल ओढून घेतो.

पहिले स्टार्ट

फीड पाइप जोडण्यापूर्वी टर्बोच्या तेलाच्या भोकात ऑइल कॅनने स्वच्छ इंजिन ऑइल भरावे आणि चाक हाताने काही फेरे फिरवावे. मग पाइप जोडून, किल्ली बंद असताना इंजेक्टरांचे विद्युत कनेक्टर काढून ठेवावेत आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवावा, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट थांबावे. ऑइल प्रेशरचा दिवा विझल्यावरही हे आणखी दोन-तीन वेळा करावे, कारण दिवा विझतो तेव्हा तेल दाब मोजणाऱ्या स्विचपर्यंत आलेले असते, टर्बोपर्यंत कदाचित नसते. कनेक्टर परत लावून इंजिन सुरू करावे आणि किमान पाच मिनिटे ॲक्सिलरेटरला हातही लावू नये. आवाज ऐकण्यासाठी रेस देऊन पाहण्याची सवय आपल्याला फार असते. कोरड्या बेअरिंगवरची ती एक रेस पुष्कळ नव्या टर्बोंना पुरते. यानंतर स्कॅनरने कनेक्टर काढल्यामुळे आलेले कोड पुसून टाकावेत.

या पायरीवर एक धोका माहीत असलाच पाहिजे. टर्बोतून किंवा इंटरकूलरमधून तेल भरपूर प्रमाणात इंजिनात जाऊ लागले, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच चालू राहते, वेग वाढवत जाते आणि किल्ली बंद केल्यानेही थांबत नाही. पहिल्या स्टार्टला एक जण गाडीत बसलेला असावा आणि दुसऱ्याच्या हातात हवेचे तोंड बंद करता येईल अशी जाड सपाट फळी असावी. हात किंवा कापड कधीही लावू नये, ते आत ओढले जाते. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडला, की इंजिन बंद पडते. तेलाची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे गेलेली असेल, तर हा धोका वाढतो, शिवाय परतीचा पाइपही तुंबतो. म्हणून “थोडे जास्त असू द्या” हा सल्ला येथे ऐकू नये.

काढलेले तेल डब्यात भरून जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे. आपल्या गल्लीतल्या नालीत ओतलेले तेल नाग नदीत जाते, तेथून कन्हान आणि वैनगंगेमार्गे गोसेखुर्दच्या पाण्यापर्यंत पोचते.

पहिल्या ५०० किलोमीटरला मी सगळे नट-बोल्ट आणि क्लिपा पुन्हा तपासल्या आणि १,००० किलोमीटरला तेल-फिल्टर पुन्हा बदलला. निघालेले तेल काळेच होते, पण बोटांत चोळल्यावर दाणे लागले नाहीत. लांब पल्ल्याच्या प्रवासानंतर इंजिन बंद करण्यापूर्वी दीड-दोन मिनिटे आयडल ठेवतो आणि तेल आता कंपनीच्या अंतराची वाट न पाहता ७,५०० किलोमीटरला बदलतो. टर्बोच्या तोंडाशी हवेच्या पाइपात अजूनही तेलाची पुसट ओल दिसते. ती ब्रीदरमधून येणाऱ्या वाफेची असते आणि तेवढी ओल असणे या इंजिनात नेहमीचेच आहे. पाइप काढल्यावर तेल ओघळून खाली पडू लागले, तरच परतीच्या पाइपापासून तपासणी पुन्हा सुरू करावी लागेल.